मोहाचा शिरका

२८ डिसेंबर २००८, रविवार. दिवस मावळताना आमच्या हॉटेलात सहा लाकडी बाकं, स्टीलची अठ्ठेचाळीस ताटं, पाण्याचे दोन रांजण, मटण मुरवायच्या दोन चिनी बरण्या आणि चार माणसं होती. बाबा, आई, मी आणि भिवाजी नावाचा एक ऑटोवाला, जो जेवून हात धुवत होता. गल्ल्याशेजारच्या बिस्किटाच्या डब्यात आठ चिंचोके होते.

चिंचोक्यांचं आधी सांगायला हवं. बाबांना लिहिता येत नाही. गिऱ्हाइकापुढे ताट गेलं की ते एक चिंचोका डब्यात टाकतात; ते नसले की आई टाकते. एका गाडग्यात ठेवलेले तेच अडीचशे-एक चिंचोके वीस वर्षं हाताळून काळे आणि कवडीसारखे गुळगुळीत झाले आहेत. संध्याकाळी डबा मोजायचं काम मी दुसरीत असल्यापासून माझ्याकडे आहे. तेव्हा अंकांचा सराव म्हणून लावलं होतं, पुढे राहून गेलं. त्यामुळे माझ्याकडे चौदा वर्षांच्या वह्या आहेत आणि त्यांत तारीख आणि ताटं यांखेरीज काहीही लिहिलेलं नाही.

हॉटेल आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या जुन्या हायवेवर, बाजारहत्नूरच्या फाट्याच्या थोडं अलीकडे आहे. त्याला नाव नाही. दारावरच्या पत्र्यावर तेलुगू, मराठी आणि हिंदीत 'शिरका मटण' एवढंच रंगवलं आहे. तेलुगू ड्रायव्हर त्याला 'आ मटन' म्हणत, म्हणजे 'ते मटण'. दुसरं कुठलं, असं कोणी विचारत नसे.

हे मटण आमच्या आजोबांनी आणलं. निजामाच्या काळात ते जंगल खात्याच्या बंगल्यावर लाकडं फोडायचे. तिथला खानसामा मटण शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, चार घटका मुरवून मग मंद आचेवर कोरडं परतायचा. त्याचा शिरका हैदराबादहून बाटल्यांतून यायचा, द्राक्षांचा. आजोबांना द्राक्षं कुठली मिळणार? त्यांनी मोहाच्या फुलांचा शिरका घातला. म्हणजे पहिली अदलाबदल आजोबांचीच. तिच्यावर मात्र कधी कोणी बोट ठेवलं नाही.

त्या रविवारी बाबा तीन महिन्यांनी पहिल्यांदा मटण खायला बसले. सप्टेंबरात त्यांना कावीळ झाली होती आणि डॉक्टरांनी तेल, तिखट, मांस सगळं बंद केलं होतं. आईने ताट वाढलं. बाबांनी एक तुकडा तोंडात घातला, चावला, आणि चावता चावता थांबले.

"जयवंता, हे काय आहे?"

"मटन."

"ते मले दिसते. शिरका कोनता घातला?"

आईला खोटं बोलता आलं असतं. ती आत गेली आणि पांढऱ्या पाण्यासारख्या शिरक्याची बाटली आणून त्यांच्यासमोर ठेवली. "आदिलाबादचा. दुकानातला."

"कवापासून?"

"दसऱ्यापासून."

भिवाजी हात पुसत हसला. "चंपतराव, तुमी त पोलीस झाले! मी रोज खाऊन राह्यलो, मले त काई समजलं नाई."

"तुले ऑटोतलं पेट्रोल अन् रॉकेल समजत नाई," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "डबा आन इकडं. किती हायेत?"

"आठ."

"दसऱ्याच्या आधी किती जात होती?"

"एकेचाळीस, बेचाळीस."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "अन् मी दोन महिने रस्त्याले शिव्या देऊन राह्यलो."

आई उभीच होती. तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. मोहाची फुलं पाण्यात घातली की लगेच शिरका होत नाही. आधी ती आंबतात आणि आठ-दहा दिवस त्या माठात दारूच असते. मग ती उघड्या हवेवर हळूहळू आंबट होत जाते. आमच्या गावच्या बुद्ध विहारात गेल्या वर्षावासापासून, म्हणजे आधीच्या पावसाळ्यापासून, आई पुढे उभी राहून पंचशील देत होती. ती एक ओळ म्हणायची आणि मागच्या तीस-पस्तीस बाया ती ओळ तिच्यामागून म्हणायच्या. पाचवं शील दारू न घेण्याचं आहे. दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे आमच्या दीक्षेच्या दिवशी, ते म्हणताना तिला घरातला माठ आठवला आणि तिची जीभ अडली. मागच्या बायाही थांबल्या. त्याच दिवशी तिने माठ धुऊन परसात पालथा घातला.

"दारू मेली का शिरका होते," बाबा म्हणाले. "मेलेल्या दारूचं काय पाप लागते?"

"मरायच्या आधी ती जित्ती असते. आठ दिवस, माह्या घरात."

"मंग मले सांगाचं होतं."

"तुमी खाटेवर होते. डोळे हळदीवानी झाले होते."

त्या दिवसापासून ते आईशी बोलले नाहीत. काही हवं असलं की मला सांगायचे. "तुह्या मायले म्हन मीठ कमी हाय." आई दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

मी त्याच वर्षी बी.एस्सी. झाले होते आणि आदिलाबादच्या एका खासगी ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. सकाळच्या बसने जायचे, तीनच्या बसने यायचे. मला वाटलं, हा प्रश्न सोडवता येण्यासारखा आहे. दोन बदल झाले होते. दसऱ्याला, ९ ऑक्टोबरला शिरका बदलला. ३ नोव्हेंबरला नवा चौपदरी रस्ता सुरू झाला. तो गावाला वळसा घालून जातो. आमच्या दारापासून त्याचं सरळ अंतर एक किलोमीटर सातशे मीटर आहे आणि मध्ये कापसाची शेतं आणि एक नाला आहे. संध्याकाळी आमच्या बाकांवर बसलं की त्याच्यावरच्या ट्रकांचे दिवे दिसतात. आवाज येत नाही.

मी वही काढली. दसरा ते दोन नोव्हेंबर हे पंचवीस दिवस. या काळात शिरका नवा होता आणि रस्ता जुना. रोजची सरासरी ४१.२. सप्टेंबरची सरासरी ४१.८. म्हणजे शिरका बदलून काहीच फरक पडला नव्हता. नोव्हेंबरात सरासरी एकोणीसवर आली आणि डिसेंबरात नऊवर.

मी बाबांना आलेख काढून दाखवला. आलेख त्यांना पटकन समजला. जिथे रेष खाली पडत होती तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"हा रस्ता?"

"हो."

"अन् हा दसरा?"

"हो. पाहा, दसऱ्यानंतर रेघ सरळ हाय. आईनं शिरका बदलला तरी गिऱ्हाईक तेवढंच आलं."

बाबांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "पोरी, ट्रकवाला नागपूरहून बंगलोरले जाते. माल उतरवते, दुसरा भरते, वापस येते. किती दिवस लागतात?"

"वीस. पंचवीस."

"त्यानं दसऱ्याले खाल्लं. चव गेली म्हनून समजलं. तवाचे तवा काय ताट फेकून मारते का? खाऊन जाते. दुसऱ्या फेरीत थांबत नाई. दुसरी फेरी कवा होते?"

मी बोटांवर मोजलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

अंगठा लावणाऱ्या माणसाने काढलेली ही हरकत बरोबर होती. शिरक्याचा परिणाम पंचवीस दिवसांनी दिसणार असेल तर तो नेमका नव्या रस्त्याच्या आठवड्यात दिसला असता. माझ्या चौदा वर्षांच्या वह्यांवरून ही दोन कारणं वेगळी करता येत नव्हती. मी ते कबूल केलं. करायला नको होतं असं मला पुढे पुष्कळदा वाटलं, पण तेव्हा वाटलं नाही.

आता निदान दोन शिरक्यांत फरक किती आहे, हे तरी पाहू म्हटलं. पालथ्या माठाशेजारी जुन्या शिरक्याची एक बाटली उरली होती. दोन्हींचे नमुने इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्यांत भरून कॉलेजात नेले आणि सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब टाकून त्यांचं अनुमापन केलं, म्हणजे आम्ल किती ते मोजलं. दुकानातल्या शिरक्यात आम्ल चार टक्के निघालं. मोहाच्या शिरक्यात ५.१ टक्के. तीन वेळा केलं, तेच आलं.

घरी येऊन मी दुकानातल्या शिरक्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध ॲसेटिक आम्ल मोजून मिसळलं आणि तो ५.१वर आणला. मोहाची फुलं पाण्यात उकळून, न आंबवता, त्यांचा अर्क घातला. रंग आला. वासही थोडा आला. तीन वाट्यांत थोडं थोडं मटण मुरवलं. एक जुन्या शिरक्यातलं, एक दुकानातल्या, एक माझ्या. आईने परतलं. वाट्यांच्या बुडाला मी खुणा केल्या, आईला बाहेर पाठवलं, वाट्यांच्या जागा बदलल्या आणि बाबांना बोलावलं. माझा विचार असा होता की बाबांना ओळखता आलं नाही तर वाद तिथेच संपेल. आईवरचा ठपका निघेल.

बाबांनी पहिली वाटी चाखली. "दुकान." दुसरी चाखली. "हे आपलं." तिसरी चाखली आणि हसले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. "हे कोनं केलं? पान्यात मोह धुवून काढला."

मी पुन्हा जागा बदलल्या. मग पुन्हा. नऊ वाट्या झाल्या. त्यांनी नऊच्या नऊ ओळखल्या.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "तुहं यंत्र म्हनते एक टक्का. जीभ म्हनते आखं मटन गेलं."

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती मला म्हणाली, "मंग आता कसं कळंल? शिरक्यानं गेले का रस्त्यानं गेले, हे तुह्या शास्त्रात कसं काढतात?"

प्रश्न सोपा होता आणि मला उत्तर येत होतं. "दोन गोष्टी बदलल्या असल्या तर एक परत पहिल्यासारखी कराची," मी म्हणाले. "रस्ता त काई परत येत नाई. म्हंजे शिरका. एक महिना जुना शिरका घालून ताटं मोजाची."

एवढंच बोलले. पाठ्यपुस्तकातलं वाक्य होतं ते.

बाबा माझ्याकडे बघून बोलले, पण आवाज आईला ऐकू जाईल असा होता. "मले मंजूर हाय. ताटं वाढली त शिरक्यानं गेली होती. अन् नाई वाढली त मी मानतो, तुह्या मायची चूक नाई. चार लोकात मानतो. अन् मंग हे पत्रेबी उतरवून टाकतो. रस्त्यानंच गेलं असंल त इथं बसून कोनाची वाट पाह्याची?"

१४ जानेवारीला आईने माठ सरळ केला. मी तिला नको म्हटलं. म्हटलं, भिवाजीकडून कोणा बाईला सांगून शिरका करून घेऊ. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी कराले लावाचं अन् आपन शील द्याचं? हे त त्याहून वाईट." आठवडी बाजारात गोंड बायांकडून तिने वाळलेली मोहफुलं आणली, पाच किलो. काड्या, माती निवडून काढली. वीस लिटर पाण्यात घातली.

सातव्या दिवशी माठातून फसफस ऐकू येऊ लागली. वास परसापर्यंत गेला. शेजारच्या सोजरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काऊन वो जयवंताबाई, आबकारीवाल्याले जेवाले बोलावलं का?" आणि हसल्या. आईही हसली. सोजरबाई विहारात पहिल्या रांगेत बसायच्या.

त्या दिवशी आईने मला विचारलं, "आता याच्यात दारू किती असंल?"

"सहा-सात टक्के. मले नक्की मोजता येत नाई."

"अन् शिरका झाल्यावर?"

"जवळजवळ काई नाई."

"जवळजवळ," आई म्हणाली.

पुढच्या पौर्णिमेला ती विहारात गेली, पण पुढे उभी राहिली नाही. शेवटच्या रांगेत, चपला काढतात त्या दाराजवळ बसली. कोणी तिला काही म्हटलं नव्हतं. सोजरबाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं, मग स्वतःच पुढे जाऊन शील दिलं. त्या तिसऱ्या ओळीवर चुकल्या. आईने मागून दुरुस्त केलं नाही. ती ओठ हलवत होती. पाचव्या शिलाला ओठ हलायचे थांबले. मी शेजारीच होते म्हणून मला दिसलं.

मी दर आठवड्याला माठातला नमुना नेऊन आम्ल मोजत होते. ०.७, १.९, ३.२, ४.३, ४.९. फेब्रुवारीच्या २८ तारखेला ५.१ झालं. आईने तो फडक्यातून गाळला. साडेबारा लिटर भरला. बाबांनी एक थेंब तळहातावर घेऊन चाटला.

"हाच," ते म्हणाले. मला.

त्याआधीच्या तीस दिवसांची, म्हणजे ३० जानेवारी ते २८ फेब्रुवारीची, ताटं मी वहीतून बेरीज करून ठेवली होती. एकशे ब्याऐंशी. शिरका दुकानातला, रस्ता नवा. आता १ मार्च ते ३० मार्च. शिरका मोहाचा, रस्ता नवा. मटण तेवढंच, तिखट तेवढंच, आच तीच. चूक होऊ नये म्हणून रोजचे चिंचोके गाडग्यात परत न टाकता मी ते एका काचेच्या बरणीत साठवत गेले. शेवटी सगळे एकदम मोजायचे असं ठरलं. मधेच आकडा कळला की माणूस त्याप्रमाणे वागायला लागतो, म्हणून मी बाबांना रोजचा आकडा विचारू नका असं सांगितलं, आणि मीही तो बघायचा नाही असं ठरवलं. डबा थेट बरणीत उपडा करायचे.

पहिल्या आठवड्यात बाबा दाढी करून गल्ल्यावर बसत. पत्र्यावरची अक्षरं त्यांनी कपड्याने पुसून स्वच्छ केली. नव्या रस्त्यावरून कोणी वाट वाकडी करून येईल म्हणून तो जिथे फुटतो तिथे एक पाटीही लावली. भिवाजी रोज जेवला आणि रोज म्हणाला, "हां, आता आलं मटन." त्याला खरंच कळत होतं का, हे मी तपासलं नाही. बाजारहत्नूरचे दोन शिक्षक दर शनिवारी यायचे ते आले. एकदा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, त्याने टायर लाथेने तपासला, पाणी मागितलं, पाणी प्यायला आणि गेला. बाबा त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेले होते. परत येऊन म्हणाले, "घाईत होता."

तिसऱ्या आठवड्यात बाबा दाढी करायचे थांबले. जास्त वेळ बाहेरच्या बाकावर बसून नव्या रस्त्याकडे बघत. आईने ताट वाढलं तर मुकाट्याने जेवत.

२५ मार्चला मी डबा बरणीत उपडा करत होते. नेहमीपेक्षा आवाज जड आला. मी न मोजण्याचा नियम केला होता, पण आवाज ऐकायचा नाही असा काही नियम नव्हता. बरणी उजेडात धरली. काळ्या गुळगुळीत चिंचोक्यांत काही तांबूस होते. एक काढून बघितला. नवा होता. त्याला चिंचेचा धागा चिकटलेला होता.

आई चुलीशी बसून आमटीसाठी चिंच कोळत होती. वाटीच्या काठावर चिंचोके काढून ठेवले होते. मी तांबूस चिंचोका तिच्यासमोर धरला.

तिने हात थांबवला नाही. "कवापासून पाहून राह्यली?"

"आजच. आई, हे काऊन?"

"हळू बोल. बाहेर हायेत."

"पन तुले समजते का हे? ताटं वाढली म्हंजे चूक तुही निघंल. त्यांनी सांगितलं नाई का? वाढली त शिरक्यानं गेली होती."

"समजते."

"मंग?"

आईने चिंचेचा चोथा पिळून बाजूला टाकला. "माही चूक निघाली त बरं हाय, बाई. माही चूक मले सुधारता येते. मोह आंबवीन. वर्षभर आंबवीन. मांगं बसीन विहारात, कोन मारते मले? पन रस्त्याची चूक निघाली त ते काय करतीन? तो काय परत आनून ठेवतीन इथं?" तिने डोक्याने बाहेरच्या बाकाकडे खूण केली. "पत्रे उतरवल्यावर हा मानूस बसंल कुठं, हे पाह्यलं का तू तुह्या वहीत?"

बाहेर बाबांनी खाकरून घसा साफ केला.

"तू फक्त बरनी मोज अन् जे येईन ते सांग," आई म्हणाली. "तू खोटं बोलू नको. बरनीत जेवढे हायेत तेवढेच सांग. खोटं माह्याकडं राहू दे. एक शील मोडलं का दुसऱ्याले वेळ लागत नाई."

पुढचे पाच दिवस मी आईला अडवलं नाही. तिने आणखी टाकले की नाही तेही पाहिलं नाही. संध्याकाळी डबा उचलायचा, उपडा करायचा. कॉलेजात मुलांना अनुमापन शिकवताना एकदा हात चुकला आणि थेंब जास्त पडला. द्रावण गर्द गुलाबी झालं. मुलांना मी पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

३० मार्चला, सोमवारी, दिवस मावळायच्या आत बाबांनी हॉटेल आवरलं. सहाही बाकं आत घेतली. रांजण उपडे केले. भिवाजीला निकाल ऐकायचा होता म्हणून तो थांबला होता, पण बाबांनी त्याला घरी पाठवलं. "उद्या ये. असलो त असलो."

मी बरणी घेऊन आत बसले. सतरंजीवर सगळे चिंचोके ओतले. आधी दहा-दहाचे ढीग केले. वीस ढीग झाले आणि दोन उरले. दोनशे दोन.

मागच्या तीस दिवसांच्या एकशे ब्याऐंशीपेक्षा वीसने जास्त. शेकडा अकरा. बाबांना पुरेल एवढं होतं ते.

मग मी ढीग मोडले आणि पुन्हा निवडायला घेतले. काळे, गुळगुळीत एकीकडे. तांबूस, धागा लागलेले दुसरीकडे. दोन-तीन चिंचोक्यांना मी संशयाने नखाने खरवडून पाहिलं. उजेड कमी होत होता म्हणून दिवा लावला. तांबूस तेवीस निघाले. काळे पुन्हा एकदा मोजले, उलट्या बाजूने.

आई चुलीशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कढईतलं मटण परतणारा तिचा हात मात्र थांबला होता आणि मटणाला खालून करपट वास येऊ लागला होता.

बाहेरच्या ओट्यावरून बाबांनी आवाज दिला. मला नाही. तीन महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं.

"जयवंता, आच कमी कर. करपून राह्यलं."

आईने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

"अन् पोरी, झालं का मोजून?"

"झालं."

"किती?"

"एकशे एकोणऐंशी," मी म्हणाले.